ॲडम्सच्या तहाला जागा नव्हती

सोमवारी सकाळी डेस्कवरचा फोन वाजला. पलीकडे प्रा. शैलजा पट्टणशेट्टी होत्या. आदल्या दिवशीच्या रविवार पुरवणीत त्यांचा लेख होता. अशा वेळी लेखक आभार मानायला फोन करतात. त्यांनी नमस्कारही केला नाही.

“सर, माझा लेख तुम्ही वाचला होता ना?”

“वाचला होता. पान मीच लावलं.”

“मग आता छापून आलेला वाचा. आणि आजच्या अंकातलं पान तीन वाचा. मी धरून ठेवते. एसटीडी बूथवर आहे, मीटर पळतंय. जरा लवकर वाचा.”

पुरवणी समोरच पडली होती. लेखाचे शेवटचे वाक्य होते, ‘सारा देश युद्धाच्या तयारीने उभा राहिला होता.’ त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली जाहिरात. मूळ लेख त्या वाक्यावर संपत नव्हता. पुढे जवळपास एक तृतीयांश मजकूर होता. लेखिकेला जे म्हणायचे होते ते सगळे त्याच तृतीयांशात होते.

मग पान तीन उघडले. मॅडम ज्या कॉलेजात शिकवत, त्या संस्थेच्या अध्यक्षांचा रविवारी वाढदिवस होता. परिसरात त्यांना सगळे आबा म्हणत. संध्याकाळच्या सभेतल्या त्यांच्या भाषणाची बातमी होती. ‘अमेरिकेच्या दुसऱ्या अध्यक्षाने फ्रान्सला घरात घुसून धडा शिकवला, हे आमच्या कॉलेजच्या पट्टणशेट्टी मॅडमनी आजच सप्रमाण सिद्ध केले आहे,’ असे आबा टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले होते.

“वाचलं,” मी म्हणालो.

“मी नेमकं उलटं लिहिलं होतं, सर. मग माझ्या नावावर हे का?”

त्याचे उत्तर मी शोधू लागलो. ते मिळवण्यात तो आठवडा गेला. जे मिळाले ते मला आजही पटलेले नाही.

साल १९९९, महिना जून. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचे काम माझ्याकडे होते. वर्षभरापूर्वी आपल्या अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध घातले आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत अमेरिकाच अमेरिका होती. कोणी तिला दादा म्हणत होते, कोणी सावकार. ही अमेरिका जन्मापासून अशीच होती का, असा प्रश्न एका पत्रात होता. त्यावरून मालिका ठरली. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मन्रो. चार रविवार, चार लेख, विषय एकच: हे सुरुवातीचे अध्यक्ष परक्या देशांशी कसे वागले.

लिहिणाऱ्या मॅडम गडहिंग्लजच्या. घरी कन्नड, बाहेर मराठी. राज्याच्या हद्दीकडच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवत. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत आणि पुढच्या वर्षी बोलावतीलच याची खात्री नाही. अशी कित्येक वर्षे गेली होती. त्या उन्हाळ्यात अखेर कायम पदाची जाहिरात निघाली होती. मुलाखती जुलैत होत्या. मुलाखत समितीच्या मधल्या खुर्चीवर आबा बसणार होते.

वॉशिंग्टनवरचा पहिला लेख गाजला होता. अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवायला फ्रान्सने मदत केली. पुढे फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात जुंपली. फ्रान्सशी मैत्रीचा करार होता, लोक फ्रान्सच्या बाजूने घोषणा देत होते. वॉशिंग्टन यांनी मात्र जाहीर केले की अमेरिका कोणाच्याच बाजूने लढणार नाही. मॅडमनी लिहिले होते, ‘विहीर काढताना शेजारी राबला हे खरे. म्हणून त्याच्या बांधाच्या भांडणात काठी घेऊन धावायचे का? आपल्या विहिरीला अजून पाणी लागायचे होते.’ या वाक्यावर कागल, राधानगरी, पार गगनबावड्याहून पत्रे आली. आमच्या पुरवणीला इतकी पत्रे फक्त राशिभविष्य चुकले की येत.

दुसरा लेख ॲडम्स यांच्यावर. तो आला तोपर्यंत कारगिल पेटले होते.

ॲडम्स यांची गोष्ट थोडक्यात अशी. फ्रान्सची जहाजे अमेरिकेची व्यापारी जहाजे पकडत होती. ॲडम्स यांनी बोलणी करायला दूत पाठवले. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याच्या माणसांनी त्या दूतांकडे भेटीसाठी लाच मागितली. ही बातमी फुटली आणि अमेरिका खवळली. ॲडम्स यांनी नौदल उभारले, निवृत्त वॉशिंग्टन यांना सैन्याचे प्रमुख नेमले. त्यांच्या नावाचा जयजयकार सुरू झाला. सारा देश युद्धाच्या तयारीने उभा राहिला.

छापलेला लेख इथे संपला होता.

कापलेला भाग असा होता. समुद्रावर चकमकी झाल्या, पण ॲडम्स यांनी युद्ध जाहीर केले नाही. फ्रान्स बोलायला तयार आहे अशी खूण मिळताच त्यांनी पुन्हा दूत पाठवायचे ठरवले. स्वतःच्या मंत्र्यांनाही विचारले नाही. त्यांचाच पक्ष उलटला, जयजयकार करणारे शिव्या देऊ लागले. तह झाला. निवडणुकीत ॲडम्स हरले. म्हातारपणी त्यांनी एका पत्रात लिहिले की आपल्या थडग्यावर एवढेच कोरावे, फ्रान्सबरोबरच्या शांततेची जबाबदारी या माणसाने स्वतःवर घेतली. मॅडमनी शेवटी लिहिले होते, ‘सैन्य उभे केले म्हणून बोलणी शक्य झाली आणि बोलणी केली म्हणून सैन्य घरी परतले. यातले एकच सांगणे म्हणजे अर्धा इतिहास.’

आम्ही अर्धाच सांगितला होता.

आता हे घडले कसे ते सांगतो. बातमी लिहिताना सर्वांत महत्त्वाचे वर लिहितात, त्याहून कमी महत्त्वाचे खाली. कारण छपाईच्या आधी जागा कमी पडली की बातमी तळातून कापतात. तळात मुळातच बिनमहत्त्वाचे असते. त्यामुळे कापणाऱ्याला वाचावे लागत नाही. त्या काळी पानाचा मजकूर बटर पेपरवर काढून मोठ्या कागदावर चिकटवत. कापायचे म्हणजे पट्टी ठेवायची आणि कटर फिरवायचा. बातमीसाठी ही रीत चांगली आहे. पण लेख बातमीसारखा लिहिलेला नसतो. त्यात मुद्दा हळूहळू वर येतो आणि शेवटी लागतो. लेख तळातून कापणे म्हणजे साक्षीदाराला ‘होय, पण’ इथे थांबवणे.

शुक्रवारी मी पान पूर्ण करून घरी गेलो. त्यानंतर जाहिरात विभागाचे चौगुले एक जाहिरात घेऊन आले. पेस्टिंगवाल्याला जागा करायला सांगितली. त्याने रीतीप्रमाणे जागा केली.

“चौगुले, लेख कापायच्या आधी फोन करायचा होता,” सोमवारी त्यांना गाठून मी म्हणालो.

“कशाला? आबांचा वाढदिवस हाय म्हटल्यावर इचारायचं काय त्यात?”

“लेखाचा अर्थ बदलला.”

“अवो, तुमचा त्यो ॲडम्स दोनशे वर्सामागं गेलाय. त्यो येणार हाय व्हय तक्रार घिऊन? आबा येत्यात. सकाळी आठच्या आत येत्यात.”

“मॅडमनी तक्रार केली आहे.”

“कोण, पट्टणशेट्टी मॅडम?” चौगुले हसले. त्यांनी पुरवणी ओढली आणि जाहिरातीवर बोट ठेवले. “ह्ये बघा. जाहिरात कुणी दिलीया? कॉलेजच्या स्टाफनं. शुभेच्छुकात बघा कुणाचं नाव हाय.”

आबांच्या फोटोखाली बारीक टायपात सगळ्या प्राध्यापकांची नावे होती. शेवटच्या ओळीत प्रा. शैलजा पट्टणशेट्टी होत्या. वर्गणी सगळ्यांकडून घेतात, तासिकावाल्यांकडून आधी घेतात. म्हणजे मॅडमच्या लेखाचा शेवट ज्या जाहिरातीने उडवला, ती त्यांच्याही नावाने दिलेली होती. त्या पानावर त्यांचे म्हणून न कापता छापलेले एवढेच होते.

मी संपादकांकडे गेलो. मागणी साधी होती. येत्या रविवारी उरलेला भाग छापावा, आणि जागेअभावी तो राहिल्याची एक ओळ द्यावी.

“खुलासा कशाचा द्यायचा?” संपादकांनी विचारले.

“लेख अर्धवट गेला याचा.”

“छापलेल्यात एक तरी वाक्य खोटं आहे का? दाखवा.”

“वाक्य खोटं नाही, साहेब. लेख खोटा झाला.”

“वाक्यं खरी आणि लेख खोटा? असं कसं असेल?”

“तिकडे आबा सांगताहेत, ॲडम्सनं फ्रान्सला घरात घुसून मारलं. ॲडम्सनं तह केला होता. आपल्यामुळे आबा ते बोलले आणि आपणच ते पुन्हा छापलं.”

“आबा बोलले ते आपण छापलं. ते बोलले हे खरं आहे ना? झालं तर.” त्यांनी चष्मा काढला. “हे बघा. पोरं तिकडं डोंगरावर लढताहेत. रोज पहिल्या पानावर शहिदांचे फोटो लावतोय मी. अशा वेळी युद्ध टाळणाऱ्या अध्यक्षाचं कौतुक छापू? चुकून गेला तो भाग, बरं झालं म्हणा.”

लेखात आपल्या सैन्याविरुद्ध एक अक्षर नव्हते. तसा आक्षेपही कोणी घेतलेला नव्हता. लेख छापायचा नव्हता तर आधी नाकारायचा होता. संपादकाला तो अधिकार असतो. इथे लेख नाकारलाही नाही आणि छापलाही नाही. लेखिकेचे नाव ठेवले, तिचे म्हणणे काढले आणि हे कोणी ठरवून केले नव्हते म्हणून कोणी जबाबदारही नव्हते. बाहेरचा कोणी असे वागला असता तर याच संपादकांनी त्यावर अग्रलेख लिहिला असता.

बुधवारी मॅडम स्वतः ऑफिसात आल्या. गडहिंग्लजची एसटी उशिरा आली होती. चहा नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या.

“शनिवारी सत्कार ठेवलाय माझा,” त्या म्हणाल्या. “कॉलेजवर. आबांच्या हस्ते. राष्ट्रप्रेमी लेखनाबद्दल.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार? प्राचार्यांनी पत्रिका छापून मग फोन केला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, मॅडम, आता तुमचं कायमचं झालं बघा. घरी अव्वा, म्हणजे आई, म्हणते, शाल घे आणि गप्प बस. अमेरिकेच्या राजाशी तुझं काय देणंघेणं?” त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “अव्वाला मी सांगितलं, राजा नाही, अध्यक्ष. ती म्हणाली, कोण का असेना, पगार तो देतोय का?”

“आणि तुमचं मत?”

“सर, पुढच्या आठवड्यापासून कॉलेज सुरू होतंय. बी.ए.च्या मुलांना ॲडम्स मीच शिकवते. वर्गात काय सांगू? पेपरातला ॲडम्स वेगळा आणि परीक्षेतला वेगळा?”

त्यांना उरलेला भाग छापून हवा होता. तो छापला जाणार नव्हता. एक वाट मोकळी होती. वाचकांचा पत्रव्यवहार पुरवणीतच असे, आणि ती पत्रे संपादक पाहत नसत; त्यांना त्यात रस नव्हता. मी म्हणालो, पत्र लिहा. पण लेखासारखे नको, बातमीसारखे लिहा. शेवट आहे तो पहिल्या वाक्यात आणा. मग कोणी किती कापले तरी फरक पडणार नाही.

मॅडमनी तिथेच बसून लिहिले. पहिला मसुदा ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’ असा सुरू झाला. मी तो परत दिला. दुसरा ‘इतिहासाकडे पाहताना’ असा. तोही परत दिला.

“तुमच्या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा उठून बाहेर चाललाय. दारात पोहोचायच्या आत त्याला एकच वाक्य सांगायचंय. काय सांगाल?”

त्यांनी लिहिले, ‘अध्यक्ष ॲडम्स यांनी फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले नाही, त्यांनी तह केला आणि त्यापायी त्यांचे पद गेले.’

“शेवटचे चार शब्द ठेवायचेत का?” मी विचारले. “मुलाखत तोंडावर आहे. काढले तरी चालेल.”

“चालेल कसं? तेच तर घडलं होतं.”

शनिवारी कार्यक्रमाला मी गेलो. हॉल भरला होता. आबांनी मॅडमना शाल दिली, नारळ दिला, अमेरिकेवर बोलले आणि पुन्हा फ्रान्सला घरात घुसून मारले. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. खांद्यावरची शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

“सत्काराबद्दल आभार,” त्या म्हणाल्या. “पण ज्या लेखासाठी सत्कार झाला तो पूर्ण छापलेला नाही. राहिलेला भाग मी सांगते.”

आणि त्यांनी तो सांगितला. वर्गात सांगावा तसा; आवाज चढवला नाही, कोणाला टोमणा मारला नाही. दूत, तह, निवडणूक, थडगे. व्यासपीठावर प्राचार्य नारळांकडे बघत बसले होते. कोणी टाळी वाजवली नाही.

मधल्या रांगेतून एक शेतकरी उठले. त्यांचा मुलगा त्या वेळी सीमेवर होता, हे गावात सगळ्यांना माहीत होते.

“मॅडम, एक इचारू काय? म्हंजे त्या ॲडमसायबाची पोरं घरला आली म्हणा की.”

“समुद्रावर काही गेली, मामा. बाकीची आली.”

“मग बरं झालं की,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मग आबांनी माइक हातात घेतला. “आमच्या मॅडम लई हुशार हायत,” ते म्हणाले. “पन कुठं काय बोलावं, ह्ये पुस्तकात छापलेलं नसतंय.” हॉल हसला. आता हसायला परवानगी होती.

रविवारच्या अंकात सत्काराची बातमी आली. मी लिहिलेली नव्हे. कार्यक्रमाची प्रेसनोट कॉलेजकडून शुक्रवारीच येऊन पडली होती. आमच्याकडे सगळ्याच सत्कारांच्या तशा येत. कार्यक्रम होण्याआधी भाषणे होऊन गेलेली असत. ती प्रेसनोट जशीच्या तशी लागली. तिचे शेवटचे वाक्य होते, ‘सत्काराला उत्तर देताना प्रा. पट्टणशेट्टी यांनी आबांच्या प्रेरणेमुळेच हे लेखन घडले, असे सांगितले.’ माझी बातमी वृत्तसंपादकांच्या टेबलावर राहिली. आधी एक आली आहे, दुसरी कशाला, असे कारण मिळाले. त्या वेळी कुठे चूक सापडली तर आम्ही सरकारी खात्यांना बेजबाबदार म्हणत असू. मोठ्या टायपात म्हणत असू.

त्याच रविवारच्या पुरवणीत मॅडमचे पत्र होते. पुरवणी शुक्रवारीच छापून होई, त्यामुळे शनिवारच्या भाषणानंतर ते अडवणे कोणाच्या हातात नव्हते. पण शुक्रवारी चौगुले पुन्हा आले होते, पुन्हा एक वाढदिवस घेऊन. या वेळी एका कारखान्याच्या संचालकांचा. या वेळी मी पेस्टिंगच्या टेबलाशी उभा होतो. बरीच हुज्जत झाली. चौगुल्यांनी अर्धे पत्र मागितले. मी तळाच्या दोन ओळी दिल्या, त्यावर एकही नाही. पहिल्या वाक्यापासून सहीपर्यंत पत्र पूर्ण राहिले.

सोमवारी संपादकांनी मला बोलावले. पत्रावर लाल पेनाने गोल केलेला होता.

“हे कोणाला विचारून?”

“वाचकाचं पत्र आहे, साहेब. एक तरी वाक्य खोटं आहे का?”

त्यांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मालिका मात्र थांबली. जेफरसन यांचा लेख तयार होता. परक्यांना वठणीवर आणायला त्यांनी आपल्याच जहाजांचा व्यापार बंद केला आणि आपलेच व्यापारी बुडवले. मॅडमनी त्याला कोल्हापूरचा गूळ बाजार आपणच बंद करून गिऱ्हाईक असलेल्या गुजरातवर रुसण्याची उपमा दिली होती. तो लेख आणि मन्रो यांच्यावरचा लेख आम्ही छापले नाहीत. कारण विचारले, तर उत्तर आले, ‘जागा नाही.’

जुलैत मुलाखती झाल्या. मॅडमना ॲडम्स यांच्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. गडहिंग्लजहून रोज ये-जा जमेल का, एवढेच विचारले. इतकी वर्षे त्या तीच ये-जा करत होत्या. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. तासिकांसाठीही त्यांना पुन्हा बोलावले नाही. काही वर्षांनी मलकापूरकडच्या एका कॉलेजात त्या लागल्या, आणि आता तिथून निवृत्तही झाल्या.

त्यांच्या पत्राच्या ज्या दोन ओळी मी दिल्या, त्या सहीखालच्या होत्या. पहिल्या ओळीत ‘अधिव्याख्याता, इतिहास विभाग’ होते आणि दुसऱ्या ओळीत कॉलेजचे नाव. कॉलेजने त्या पुढच्या महिन्यात कापल्या. आमच्याकडे त्या आधीच गेल्या होत्या.

त्यानंतर जेवढी वर्षे पुरवणी पाहिली, तेवढी वर्षे प्रत्येक नव्या लेखकाला मी एकच सूचना दिली. खरे म्हणणे पहिल्या परिच्छेदात लिहा. लेखक नाराज व्हायचे, लेखाची मजा जाते म्हणायचे, कारण विचारायचे. मी सांगायचो, तळाला वाढदिवस येतो.